गोळी चुकवायची नाही

गावाचं नाव सांगत नाही. सांगलीहून वारणेच्या अंगाला गेलं की उसातून डोकं वर काढलेली पाण्याची टाकी दिसते, ते गाव. नाव सांगितलं तर उद्या चार जण दवाखान्यात जाऊन भरतेशआण्णांना खोदून खोदून विचारतील, आणि त्या माणसाला त्याचं मनच आधी पुरेसं खातं आहे.

भरतेश मगदूम गावातल्या दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडर आहेत. पहिले डॉक्टर थकून गेले, मग उंब्रजकडचे डॉक्टर धैर्यशील आले. खुर्चीतला माणूस बदलला, खिडकीतला बदलला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीत आली की आण्णा गोळ्या कागदी पाकिटात घालतात आणि न वाचता येणाऱ्यांसाठी पाकिटावर चित्र काढतात. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री. जैन घरांना मात्र चंद्र चालत नाही, कारण चंद्र दिसायच्या आत त्यांची जेवणं उरकलेली असतात. त्यांच्यासाठी आण्णा डोंगराआड अर्धा गेलेला सूर्य काढतात. आण्णा स्वतः जैनच, त्यामुळे हा अर्धा सूर्य त्यांना कुणाकडून शिकावा लागला नाही.

दोन गोष्टींसाठी ते पंचक्रोशीत नावाजलेले. एक म्हणजे त्यांच्या हाताला शीर सापडते. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात चार ठिकाणी टोचून परत पाठवलेली म्हातारी आण्णांनी एका टोचण्यात सलाईनला लावली, हे लोक अजून सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं तोंड. सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला आलेल्या बाईला ते आधी वास घेतल्यासारखं बघायचे आणि म्हणायचे, "चा पिऊन आलीस न्हवं? मशिनला लबाडी कळती, मावशे. जा, उद्या ये." बाई हसत हसत परत जायची. चहा हे काही खाणं नव्हे, असं आपल्याकडे अर्ध्या गावाचं मत आहे.

लालासाहेब हवालदारांचं प्रकरण झालं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन आलेले, छाती पुढं काढून चालणारे. त्यांना बीपीचा त्रास निघाला. तीन महिने गोळी घेतली, तपासलं तर बीपी जागेवर. "कोर्स कम्प्लीट!" असं म्हणून त्यांनी खिडकीतच सॅल्यूट ठोकला आणि गोळी बंद केली. आण्णाही हसले. हवालदार पुन्हा पाकीट न्यायला आले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण बरा दिसणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन तू आजारी आहेस असं कोण सांगणार? पाच महिन्यांनी म्हशीची धार काढताना लालासाहेबांचा उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं. ते वाचले, पण आता सॅल्यूट करायला हात वर जात नाही.

आण्णांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून खिडकीतून पाकिटाबरोबर एक वाक्य बाहेर येऊ लागलं: "जेवण चुकलं तरी चालंल, पण गोळी चुकवायची न्हाई!" बीपीवाल्याला तेच, थायरॉईडवाल्याला तेच, शुगरवाल्याला तेच. गावातली पोरं रस्त्यात त्यांना बघून ते वाक्य ओरडायची आणि आण्णांना त्याचा राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. डॉक्टर एकदा म्हणाले, "आण्णा, बीपीला ठीक आहे, पण शुगरच्या गोळीचं जरा…" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते राहून गेलं. आण्णांना माहीत नव्हतं असं नाही. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर माणूस घाम फुटून आडवा होतो, हे त्यांनी बत्तीस वर्षांत पन्नास वेळा पाहिलं होतं. पण वाक्य तोंडात बसलं की ते डोक्याला विचारत नाही.

आता त्यांच्या आईबद्दल. सुंदरी मगदूम, वय शहात्तर, गावाच्या सुंदरीआक्का. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिनं मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता की सूर्य मावळल्यावर तोंडात अन्नही नाही आणि पाणीही नाही. त्याला पंचावन्न वर्षं झाली. मधे तीन बाळंतपणं झाली, टायफॉईड झाला, नवरा गेला. नियम मोडला नाही. बाई तशी बोलायला गोड, नातवंडांना पाठीशी घालणारी, पण या एका बाबतीत कातळ.

आठ वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली. साध्या गोळीवर निभावत होतं. गेल्या आषाढात मात्र शुगर वाढली आणि डॉक्टरांनी गोळी बदलून जोरकस दिली: एक सकाळी जेवणाआधी, एक संध्याकाळी जेवणाआधी. आण्णांनी आईच्या पाकिटांवर एक अख्खा सूर्य आणि एक अर्धा सूर्य काढला.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. या दहा दिवसांत आक्कांचं दरवर्षी एकासन असायचं. दुपारी एकदाच जेवण, तेव्हाच काय ते पाणी, आणि जेवून उठल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत मौन. साध्या गोळीवर इतकी वर्षं ते निर्धोक पार पडलं होतं. या वर्षी गोळी वेगळी आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारून संध्याकाळची बंद करायला हवी, हे आण्णांच्या मनात आलं होतं. दोनदा आलं होतं. पण दवाखान्यात डेंग्यूच्या तापाचे पेशंट बाकांवर मावत नव्हते, आणि गौरी आल्या म्हणून डॉक्टर दोन दिवस उंब्रजला घरी गेले. उद्या विचारू, असं म्हणता म्हणता पर्वाचा चौथा दिवस उजाडला. दुसऱ्याच्या घरातलं पाकीट तीनदा तपासणारा माणूस स्वतःच्या घरातलं एकदाही बघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी साडेपाचला दवाखान्यातून जेवायला घरी येताना आण्णा मंदिरात डोकावले. आई खांबाला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घामाचे थेंब. शेजारच्या बाया हळू आवाजात म्हणाल्या, "आक्कांचं ध्यान लागलंय बगा. हलल्या न्हाईत." आण्णांना अभिमान वाटला. खोटं कशाला सांगायचं, ऊर भरून आला. त्यांनी वाकून आईच्या पायाला हात लावला. पाय गार लागले. मंदिरातली फरशी गारच असते, असं ते मनाशी म्हणाले आणि घरी जाऊन जेवले.

दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चालण्यावरून "हिची शुगर उतरली" म्हणून सांगणारा हा माणूस. दुसरी कुठली म्हातारी तशी घामेजून, गार पडून बसलेली दिसली असती, तर त्यानं तिचं बोट टोचलं असतं आणि मगच बोलला असता. पण ही आई होती, मौनात होती. मौनातल्या माणसाला हलवायचं नसतं.

सात वाजता तीन बायांनी आक्कांना धरून घरी आणलं. पाय ओढत होते, मान एका बाजूला पडलेली. आण्णांची बायको चंदनबाला घाबरून म्हणाली, "आवं, आत्याबाईस्नी काय झालं? आर्धांगवायू तर न्हवं?"

आण्णांनी मशीन काढून बोट टोचलं. अडतीस. सत्तरच्या खाली गेली की धोका.

"आज किती गोळ्या घेतल्या हिनं?"

"दोन. रोज दोनीच घेत्यात. दुपारी जेवताना, एकदमच."

"एकदम? कुणी सांगितलं एकदम घ्यायला?"

चंदनबाला त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमीच की. त्या म्हणाल्या, भरतेश म्हनतो जेवण चुकलं तरी गोळी चुकवायची न्हाई. संध्याकाळचं जेवण न्हाई, म्हणून ती गोळी बी दुपारीच घेतो म्हणाल्या. आज तर अर्धीच भाकरी खाल्ली."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. आण्णा धावत गेले आणि ग्लुकोजची इंजेक्शनं घेऊन आले. शिरेतून साखर गेली की दहा मिनिटांत माणूस डोळे उघडतो, आणि तोंडाला काही लावायची गरजही पडत नाही. बाहेर अंधार पडला होता. सूर्य मावळून अर्धा तास होऊन गेला होता, हे त्या घरात सगळ्यांनाच कळत होतं.

त्यांनी आईचा डावा हात बांधला, टोचलं. शीर सरकली. पुन्हा टोचलं, रक्त आलं आणि शीर फुगून निळी पडली. उजवा हात घेतला. पंचक्रोशीत नावाजलेल्या त्या हाताला शीर सापडेना. दोन्ही हातांना मिळून चार वेळा टोचलं. चारही वेळा हुकलं. अॅम्ब्युलन्सला चंदनबालानं फोन केला होता, पण ती गणपतीचे देखावे बघायला निघालेल्या गर्दीत अडकली होती.

आण्णांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे घरात गौरीच्या जेवणाचा गलका होता. डॉक्टरांनी दोन वाक्यांत ऐकून घेतलं. "शीर मिळत नाही? मग थांबू नका. एका कुशीवर वळवा, साखर ओली करून गालाच्या आत आणि हिरड्यांना चोळा. पाणी पाजू नका, ठसका लागेल. आण्णा, ऐकताय ना? आत्ता."

"डॉक्टर, तिचा नियम हाय. सूर्य…"

"आण्णा, ती मरेल."

चंदनबालानं साखरेचा डबा आणून समोर ठेवला. मग ती तोंड फिरवून उभी राहिली. आण्णांनी आईला कुशीवर वळवलं, बोटावर ओली साखर घेतली. आईचे दात घट्ट मिटलेले होते. शुगर उतरली की दातखीळ बसते, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही तो दवाखान्यातला कंपाउंडर त्या क्षणी कुठं गेला कोण जाणे. समोर फक्त तिचा पोरगा होता आणि त्याला वाटलं की आई आपल्याला नको म्हणते आहे. त्यांनी खालचा ओठ ओढला आणि साखर चोळली. पुन्हा चोळली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते चोळत होते.

पंधरा मिनिटांनी आईनं आवंढा गिळला. मग ओठ हलले. शुगर सत्तरवर आली, तोवर दारात अॅम्ब्युलन्सचा दिवा फिरू लागला. ती गोळी अंगात दोन-दोन दिवस रेंगाळते, म्हणून सांगलीच्या दवाखान्यात तिला सलाईनवर ठेवलं. तिथल्या नर्सनं पहिल्या टोचण्यात शीर धरली. आण्णा बघत राहिले.

सकाळी सूर्य वर आल्यावर आक्कांनी मौन सोडलं. पहिला प्रश्न हाच.

"भरतेश, दिवस बुडाल्यावर माज्या तोंडात काय घातलं का रं?"

आण्णांनी आईच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. टोचल्याच्या जागी कापूस चिकटवलेला होता, भोवती निळं पडलं होतं. चार पुरावे तयारच होते.

"न्हाई आई. सुईनं दिलं. शिरंतनं. ह्ये बग की."

आईनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग "बरं" म्हणाली. चंदनबाला पायाशी उभी होती. ती बाटली भरून आणते म्हणून बाहेर गेली.

आक्का घरी आल्यावर डॉक्टरांनी ती जोरकस गोळी बंद केली आणि पुन्हा साधी, तीही कमी करून दिली. आण्णांना ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझंही चुकलं," एवढंच म्हणाले, "तुमचं ते वाक्य मी शंभर वेळा ऐकलं आणि टोकलं नाही."

मग आण्णा गावभर फिरले. शुगरच्या एकेका पेशंटच्या दारात जाऊन, "कवा जेवता? उपास करता का? उपासाच्या दिवशी गोळीचं काय करता?" असं विचारू लागले. मनुबाई म्हणून खालच्या आळीची म्हातारी, गुरुवार-शनिवार काही न खाणारी. ती म्हणाली, "गोळी घेतो की! उपास आसला तरी घेतो. दुपारी डोळ्याम्होरं आंधारी येती, पर सोसतो. आवं आण्णा, तुमीच सांगितलंय न्हवं, जेवण चुकलं तरी चालंल म्हणून?" असे सात जण निघाले. सात जण त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून आंधारी सोसत होते. लालासाहेबांसारखं दुसऱ्याचं होऊ नये म्हणून काढलेलं औषध, ते रोगापेक्षा भयंकर निघालं होतं.

आता आण्णा शुगरच्या पाकिटावर सूर्याखाली एक ताटही काढतात. ताट नाही तर गोळी नाही. पोरं अजून जुनंच वाक्य ओरडतात. आता ते ऐकून आण्णा मान खाली घालून जातात.

घरात मात्र आणखी एक गोष्ट झाली होती. दवाखान्यातून आल्यापासून आक्कांनी गोड सोडलं. साखर, गूळ, खीर, पोळी, पेढा, कायमचं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शुगर हाय न्हवं? पथ्य पाळाय नको?" तीन महिन्यांची शुगर तपासली तर छान आलेली. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "आण्णा, आईंकडून शिका." लोकांनीही वाहवा केली. पण जैन घरातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गोडासारखा एखादा रस कायमचा सोडणं हे पथ्य नसतं, ते प्रायश्चित्त असतं. आणि प्रायश्चित्त कशाचं, हे विचारायची आण्णांची छाती होत नव्हती. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. पुन्हा कधी शुगर उतरली तर? गोड सोडलेली ही बाई साखरेला तोंड उघडेल? रोज सकाळी आईचं बोट टोचताना आकडा दिसेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

संक्रांतीला शेजारची समीक्षा तिळगूळ घेऊन आली. आक्कांनी तो घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेल्यावर लाडू आण्णांच्या हातात ठेवला. चंदनबाला परड्यात होती. घरात दोघंच.

आण्णांना राहवलं नाही. "आई, गोड कशाला सोडलंस? खरं सांग."

आक्का लुगड्याचा पदर नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सगळ्यात आदी माजी जीभ जागी झाली. डोळं मागनं उघडलं. जीभंला गोड लागत हुतं, भरतेश. सुईनं दिलेली साखर जीभंला लागती व्हय रं?"

आण्णांच्या हातातला लाडू तसाच राहिला.

"तुला म्हाईत हुतं? मग मला बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून वाट बगितली. भाद्रपद गेला, दिवाळी गेली. आज संक्रांत."

"तुला सोसायचं न्हाई म्हणून लपवलं आई. पंचावन्न वर्सांचा नियम…"

"नियम माजा हुता. मोडला तर प्रायश्चित्त मी घेईन, घेतलं बी. त्याचं मला काय न्हाई." आक्कांचा आवाज चढला नव्हता, तीच तर पंचाईत होती. "साखर घातलीस ती माज्यासाठी. ती आईला कळती. पर खोटं बोललास, ते कुणासाठी रं?"

आण्णांकडे उत्तर होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. आईच्या डोळ्यांत आपण चुकलेलो दिसू नये, एवढ्यासाठीच ते बोलले होते. गोळी माझ्या शब्दामुळे दुप्पट गेली, शीर माझ्या हाताला सापडली नाही, नियम माझ्या बोटानं मोडला. तिन्ही गोष्टी त्या कापसाच्या चार बोळ्यांखाली त्यांनी झाकल्या होत्या. हे सगळं त्यांनी मग सांगितलं. तुटक तुटक, लहान मुलासारखं नाक ओढत. मंदिरात गार पाय हाताला लागले होते आणि आपण उठून जेवायला गेलो, हेही सांगितलं. ते तर चंदनबालालाही माहीत नव्हतं.

आक्कांनी सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

आण्णांनी डोळे पुसले आणि ज्या भीतीनं चार महिने झोप उडाली होती ती बोलून टाकली. "मग आता गोड धर की परत. जवा कवा शुगर उतरंल, तवा तोंड उघडायला पायजे आई."

आक्कांनी मान हलवली. "सोडलेलं परत धरायचं नसतंय. महाराजांम्होरं शबुद दिलाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माजी साखर उतरू द्यायची न्हाई, एवढंच आता राहिलंय. त्ये तुज्या हातात."

आण्णांनी लाडू फळीवर ठेवला. पाच वाजत आले होते. त्यांनी आईच्या संध्याकाळच्या गोळीचं पाकीट काढलं, त्यावरचा अर्धा सूर्य आणि ताट पाहिलं, पण गोळी दिली नाही. आधी तिच्यासमोर ताट मांडलं. भाकरी वाढली, आमटी वाढली. आणि तिचा पहिला घास पोटात जाईपर्यंत गोळी मुठीत धरून समोर बसून राहिले.